ठाण्यात न पोचलेल्या चोऱ्या कोण मोजणार?

एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, आकडे आले की नागपूर कितव्या नंबरवर ते पेपरात छापून येतं आणि मग सगळीकडे तेच, शहर बिघडलं, पोलीस काय करून राहिले. मला त्या यादीचा खरंच राग येतो, कारण ती फक्त ठाण्यात नोंदलेले गुन्हे मोजते. जिथे तक्रार लगेच लिहून घेतात ते शहर वर जातं, आणि जिथे माणसाला दारातूनच परत पाठवतात ते शहर शांत दिसतं.

आमच्या शेजारच्या काकूंचा मोबाईल बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत गेला, पर्सला ब्लेड मारलेलं स्पष्ट दिसत होतं, तरी हातात कागद मिळाला तो 'मोबाईल हरवला' असा. झालं, चोरी मोजलीच गेली नाही. आणि पोराची सायकल गेली तेव्हा तर काका म्हणाले, जाऊ दे ना बाप्पा, कुठं ठाण्यात चकरा मारत बसतेस.

यावर उपाय जुनाच आहे, सरळ लोकांनाच विचारायचं. अमेरिकेत सत्तरच्या दशकापासून असा सर्व्हे होतो, ब्रिटनमध्ये 1982 पासून. पण प्रत्येक देशाचे कायदे वेगळे, चोरीची व्याख्या वेगळी, मग तुलना कशी करणार? म्हणून यान व्हॅन डाइक, पॅट मेह्यू आणि मार्टिन किलियस या गुन्ह्यांचा अभ्यास करणाऱ्या तिघांनी पुढाकार घेतला आणि 1989 मध्ये बऱ्याच देशांत एकच प्रश्नावली घेऊन आंतरराष्ट्रीय सर्व्हे झाला. पुढे 1992, 1996, 2000 आणि 2004-05 मध्येही झाला. नव्वदच्या दशकात भारतातून मुंबईत लोकांना विचारलं होतं. श्रीमंत देशांत बहुतेक फोनवर, आपल्यासारख्या ठिकाणी घरी जाऊन.

मला त्यातली विचारण्याची पद्धत फार आवडते. घरातला 16 वर्षांवरचा एकच माणूस चिठ्ठी टाकल्यासारखा निवडायचा, म्हणजे दार उघडणारे काकाच दरवेळी बोलणार असं होत नाही. आधी विचारायचं गेल्या पाच वर्षांत काय झालं, मग त्यातलं गेल्या वर्षभरातलं कोणतं, कारण आपल्याला दोन वर्षांपूर्वीची घरफोडी पण परवाचीच वाटते आणि एकदम वर्षाचं विचारलं तर ती त्यातच घुसते. शेवटी, पोलिसांना सांगितलं का, नसेल तर का नाही. गाडी चोरीला गेली की लोक जवळजवळ नेहमीच सांगतात, इन्शुरन्सला एफआयआर लागतो ना! पाकीट गेलं तर कोण जातं. खून मात्र यात येत नाही, त्याच्यासाठी पोलिसांचाच आकडा बघावा लागतो.

असा सर्व्हे नागपुरात व्हावा असं मला मनापासून वाटतं, इतवारी महालपासून मनीषनगरपर्यंत, मराठी आणि हिंदी दोन्हीत. पण छेडछाडीचा प्रश्न सासू, दीर, नवरा बाजूला बसलेले असताना विचारला तर उत्तर 'नाही' असंच येणार, आणि तो 'नाही' आपण परत शांतता म्हणून मोजणार. त्यामुळे विचारायला बाईच हवी, दुपारची, घरात गर्दी नसताना, आणि नोकरी करणाऱ्या मुलींसाठी रविवारी परत यायची तयारी पण हवी. पैसे लागतील, वेळ लागेल. लागू देत.