खुन्नस आणि टीआरपी

मोठी मॅच झाली की दोन-चार दिवसांनी पेपरात आकडा येतो. २०२३ च्या वर्ल्ड कप फायनलचा आला होता, देशभरात ३० कोटी लोकांनी ती टीव्हीवर पाहिली म्हणून. अहमदाबादच्या त्या १९ नोव्हेंबरनंतर कोणाच्या घरी धड जेवण झालं नव्हतं, आणि त्यात हा आकडा म्हणजे आणखी किती घरांतली भाजी तशीच उरली त्याचा दाखलाच. आमच्या गल्लीत मात्र तो वाचून एकच प्रश्न निघाला, "पण आपल्याला कोणी इचारलं काय बे?"

कोणी विचारत नसतंच. 'बार्क' नावाची संस्था २०१५ पासून हे टीआरपीचे आकडे देते. देशात टीव्ही असलेली घरं सुमारे २१ कोटी, आणि त्यांतल्या ५०-६० हजार घरांत मीटर. शितावरून भाताची परीक्षा म्हणा हवं तर. कोणत्या घरात मीटर आहे ते गुप्त ठेवतात. नागपुरात ही गोष्ट कशी जमवत असतील कोण जाणे! इथे नवीन मिक्सर घेतला तरी संध्याकाळपर्यंत चार घरांतून चटणी वाटायला येते.

त्या मीटरला एक रिमोट असतो आणि घरातल्या प्रत्येकाचं एकेक बटण. टीव्हीसमोर बसलात की आपलं बटण दाबायचं, उठलात की पुन्हा दाबायचं. पाहुण्यांचीही सोय आहे. आता आमच्याकडे भारत-पाकिस्तान मॅचला खोलीत किती माणसं असतात, कोण दारात उभं असतं, कोण "मला नाही पाहायचं तुमचं क्रिकेट" म्हणत स्वयंपाकघरातून मान काढून पाहत असतं, याचा हिशेब बटणाने ठेवायचा म्हणजे त्यासाठी एक माणूस वेगळा बसवावा लागेल. आणि यंत्राला चॅनेल कळतं ते आवाजावरून. चॅनेलच्या आवाजात आपल्या कानाला न जाणवणारा एक संकेत पेरलेला असतो, तो मीटर टिपतं. नागपूरच्या मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि खिडकीत पत्र्याचा कूलर धडधडत असताना, आम्हाला समालोचन ऐकू येत नाही. त्या मीटरला एवढं ऐकू येत असेल, तर त्याच्या कानांना नमस्कार.

मग हे आकडे बाजाराच्या हिशेबाने वाटले जातात. मुंबई वेगळी दाखवता येते. बाकीच्यांचं गाठोडं एकच, 'महाराष्ट्र-गोवा'. म्हणजे जाहिरातदाराच्या कागदावर आम्ही आणि पणजीचे फुटबॉलवाले एकाच पंगतीत बसतो. आता गंमत बघा. राज्यघटनेच्या ३७१ (२) या कलमात विदर्भ, मराठवाडा आणि 'उर्वरित महाराष्ट्र' अशी विभागणी आहे. तिथे उर्वरित ते आहेत. टीव्हीच्या हिशेबात उर्वरित आम्ही. अनुशेष कुठून कुठे निघेल, सांगता येत नाही.

पण माझी खरी तक्रार गाठोड्याबद्दल नाही. टीव्ही लावला एवढं त्या मीटरला कळतं, का लावला ते कळत नाही. आणि नागपुरात तर सगळी गोम त्या 'का'मध्येच आहे.

आमच्याकडे आयपीएलचा संघ नाही. भाड्याने मिळाले आहेत अधूनमधून. २०१० साली तेलंगणच्या आंदोलनामुळे हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सचे सामने नागपूरच्या जामठा स्टेडियमला आले, तेव्हा आठवडाभर आम्ही हैदराबादी होतो. २०१७ मध्ये प्रो कबड्डीत बंगळुरू बुल्स संघाला स्वतःच्या गावात मैदान मिळेना, म्हणून त्यांचं 'घर' मानकापूरच्या इनडोअर स्टेडियममध्ये मांडलं गेलं. तिथे नागपूरची पोरं कानडीतलं एक अक्षर न कळता 'बुल्स, बुल्स' करत घसा बसवून आली. बुल्स हरले तरी पोरं जात राहिली. मैदान आपलं, जर्सी परकी, आवाज मात्र पुन्हा आपलाच!

स्वतःचा संघ नसलेलं गाव तटस्थ असेल असं बाहेरच्यांना वाटतं. नागपूरकर आणि तटस्थ! प्रेम करायला संघ नसेल तर माणूस निदान कोणाच्या विरुद्ध आहे ते ठरवून टाकतो. धरमपेठेत माझे एक काका आहेत. ते मुंबईच्या संघाची एकही मॅच चुकवत नाहीत. टॉसपासून बक्षीस समारंभापर्यंत, मधल्या जाहिरातींसकट. मीटर असतं तर त्यात काका मुंबईचे पट्टीचे चाहते म्हणून नोंदले गेले असते. प्रत्यक्षात ते मुंबई हरताना बघायला बसतात. मुंबई जिंकायला लागली की त्यांचं बीपी वाढतं, तरी उठत नाहीत. "हरून राहिले की नाही अजून?" असं आतून काकू विचारतात, त्यावरून पोळ्या कधी टाकायच्या ते ठरतं.

या खुन्नसला इतिहास आहे. सरकार वर्षातून एकदा हिवाळी अधिवेशनाला येतं, हुरडा खातं, संत्र्याच्या पेट्या घेतं आणि परत जातं, असं काकांचं मत. विदर्भाने महाराष्ट्रात यावं म्हणून झालेला १९५३ चा नागपूर करार त्यांना कलमांसकट पाठ आहे. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर रणजीच्या फायनलमध्ये मुंबईने विदर्भाला १६९ धावांनी हरवलं, तेव्हा त्यांनी तो कराराच्या भंगातच जमा केला. पुढच्याच फेब्रुवारीत सेमीफायनलला मुंबई जामठ्याला आली आणि ८० धावांनी हरली. काकांनी त्या दिवशी गोकुळपेठेतून स्वतःच्या खर्चाने बर्फी आणली. त्यांच्याकडून ही एवढी गोष्ट कोणताही जाहिरातदार करून घेऊ शकला नसता.

यात एक अडचण आहे, तिचं नाव रोहित शर्मा. तो वाढला बोरिवलीत, पण जन्म नागपूरच्या बनसोडचा. २०२३ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध जामठ्यावर त्याने १२० मारले, तेव्हा 'घरचं पोरगं' हे शब्द मी त्याच काकांच्या तोंडून ऐकले. (ती टेस्ट शनिवारीच, तिसऱ्या दिवशी, डावाने जिंकून संपली आणि रविवारची तिकिटं काढून ठेवलेल्यांचा रविवार बुडाला. जिंकल्यावरही हळहळणारं गाव मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.) त्यामुळे आयपीएलमध्ये काकांची प्रार्थना फार अवघड असायची. रोहितने शंभर मारावे आणि मुंबई हरावी. मीटरच्या रिमोटवर यासाठी कोणतं बटण आहे?

२०२० साली मीटरवाल्या घरांना पैसे देऊन ठरावीक चॅनेल लावून ठेवायला सांगतात, अशा आरोपावरून मुंबईत पोलीस केस झाली आणि बातम्यांच्या चॅनेलचे आकडे वर्षाहून जास्त काळ बंद राहिले. काका म्हणाले, मॅच लावायला आपल्याला पैसे कशाला पाहिजेत? बंद करायचे देत असतील तर बोला.

बंद करण्यावरून आठवलं. मीटरच्या लेखी टीव्ही बंद केला म्हणजे प्रेक्षक गेला. आमच्याकडे बंद करणं ही भक्तीची शेवटची पायरी आहे. १२ मार्च २०११, वर्ल्ड कप, जामठा, समोर दक्षिण आफ्रिका. सचिनचं शतक झालं, आंतरराष्ट्रीय शतकांतलं ९९ वं. भारत १ बाद २६७. मग सचिन १११ वर गेला आणि पुढचे नऊ गडी २९ धावांत गेले, सगळे बाद २९६. आमच्या शेजारच्या काकूंनी चौथी की पाचवी विकेट पडल्यावर टीव्ही बंद केला, कारण 'मी पाहून राहिली की पडतात.' मग त्या तुळशीजवळ जाऊन बसल्या आणि आमच्या खिडकीतून येणाऱ्या आवाजावरून धावसंख्या काढत राहिल्या. २०१६ मध्ये टी-ट्वेंटी वर्ल्ड कपला न्यूझीलंडने याच जामठ्यावर आपल्याला ७९ धावांत गुंडाळलं, तेव्हा तर त्यांनी मेन स्विचच बंद केला आणि फ्रिजमधलं दूध नासलं. मोजणीच्या भाषेत या बाईने सामना अर्ध्यात सोडला. मला विचाराल तर गल्लीत सगळ्यात जास्त सामना त्यांनीच भोगला.

आता घराबाहेरचं. आकडेवारीत 'रीच' म्हणून एक प्रकार असतो, त्यात एक मिनिटभर पाहिलं तरी माणूस धरला जातो. हा नियम करणाऱ्याने पानठेल्यावर उभं राहून केला असावा अशी मला शंका आहे. पण मीटर घरात असतं आणि नागपूरची मॅच ठेल्यावर असते. आमच्या कोपऱ्यावरच्या ठेल्यात देवाच्या फोटोशेजारी एक छोटा टीव्ही आहे. खाली ठेलेवाला पन्नीत सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना घेऊन तळहाताने खर्रा घोटत असतो. (बंदी आहे. हो, माहीत आहे. त्यालाही माहीत आहे.) डोळे टीव्हीवर, हात पन्नीवर. डाव रेंगाळत असला की हात एका लयीत फिरतो, शेवटच्या दोन षटकांत सावकाश होतो, आणि चेंडू हवेत गेला की थांबतो. कॅच सुटला तर पन्नी फाटते. गिऱ्हाईकही घाई करत नाही. उलट या दोन षटकांत कोणी "भाऊ, माझा झाला काय?" म्हणालं, तर आजूबाजूचे सगळे त्याच्याकडे वळून बघतात.

त्याला मी एकदा विचारलं, तू कोणाकडून? तो म्हणाला, "चेस करणाऱ्याकडून." का, तर पहिली टीम एकशे ऐंशीच्या आसपास गेली आणि दुसरी जवळ येत राहिली की लोक हलत नाहीत, एका मॅचमध्ये एकेक जण दोन-दोनदा काही ना काही घेतो. एकतर्फी झाली की दहा वाजताच सामसूम. "काल बेकार मॅच होती जी, पंधरा ओव्हरमध्येच सगळे घरी." त्याचे आकडे गल्ल्यात मोजलेले असतात आणि त्याच रात्री हातात येतात. बार्कला गुरुवारपर्यंत थांबावं लागतं.

विदर्भाच्या क्रिकेटची गोष्ट मात्र या सगळ्याहून वेगळी, आणि मला जरा टोचणारी. १९८७ च्या वर्ल्ड कपात सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर चेतन शर्माची हॅटट्रिक झाली, सुनील गावसकरचं वनडेतलं एकमेव शतक त्याच दिवशी झालं. त्या दिवशी मैदानात होतो असं सांगणारे इतके भेटतात की ते सगळे मावायला तीन मैदानं लागली असती. रणजीचं तसं नाही. विदर्भ २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोनदा जिंकला, आणि तरी मी तिथे होतो असं खोटंसुद्धा कोणी सांगत नाही.

तिसऱ्यांदा जिंकला ती फायनल २ मार्च २०२५ ला संपली, जामठ्यावर, केरळविरुद्ध. सामना अनिर्णित, पण पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी, म्हणून करंडक आपला. दानिश मालेवारचे १५३, दुसऱ्या डावात करुण नायरचे १३५. हर्ष दुबेचे त्या मोसमातले ६९ बळी, रणजीच्या एका मोसमातला विक्रम. पण नेमका तोच रविवार, आणि दुपारी दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीत भारत-न्यूझीलंड. टीव्ही कुठे वळले असतील ते सांगायला मीटर नको. ठेल्यावरही दुबईच लागलं होतं, मॅच सुरू व्हायच्या आधीची बडबड. फक्त सुपारीच्या डब्याला टेकवून एक मोबाइल उभा केला होता, आणि त्यात जामठा. आवाज बंद. ठेलेवाल्याचा भाचा क्लब क्रिकेट खेळतो, विदर्भाचा कप्तान अक्षय वाडकर याच्या टीममधल्या दोघांना तो तोंडओळखीने ओळखतो. वर दुबई गिऱ्हाइकांसाठी आणि खाली जामठा स्वतःसाठी. दोन्ही पडदे कोणाच्याच हिशेबात नाहीत.

मोबाइलनेच आमच्याकडे बुद्धिबळही घरात आणलं. जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियात बातुमीला महिला विश्वचषकाची फायनल खेळत होती, समोर कोनेरू हंपी. २८ तारखेला टायब्रेक. माझ्या मावशीला घोडा अडीच घरं जातो यापलीकडे काही येत नाही. ती यूट्यूब लावून बसली. पटाशेजारी एक पांढरी-काळी पट्टी असते, कोणाचं पारडं जड आहे ते दाखवणारी. मावशीने पट सोडून दिला आणि पट्टी धरली. दुसऱ्या डावात दिव्याकडे काळी मोहरी होती, त्यामुळे काळं वाढलं तर चांगलं, हे तिच्या पचनी पडेना. दर पाच मिनिटांनी ती विचारायची, "हे काळं होऊन राहिलं, हे आपलं बरं की वाईट?"

दिव्या जिंकली, एकोणिसाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, गल्लीत फटाके वाजले. मावशीने डोळे पुसले आणि म्हणाली, "ती हंपीही बिचारी लेकरू घरी ठेवून आली असन नं." तेवढ्यात धरमपेठेतून काकांचा फोन. त्यांनाही बातमी कळली होती, आनंद झाला होता, पेढे सांगून ठेवले होते. फक्त एक शंका होती.

"मधल्या राउंडमध्ये कोणी मुंबईची आली होती काय रे?"