२४ बाइट गेले, ७ आले

शेतातल्या ओलाव्याच्या रीडिंग साठवायचं कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, जोडायचा कोडचा तुकडा) आता लोड होते, पण राजेहो, मेमरी किती मागायची या हिशोबानंच दोन रात्री खाल्ल्या. रात्रीच, कारण थ्री फेज तेव्हाच येते, मोटर सुरू करून पऱ्हाटीले पाणी सोडलं की खोपडीत लॅपटॉप उघडतो.

रेकॉर्ड १६ बाइटचं, पुढं ८ बाइटचं हेडर, आणि रेकॉर्ड किती ते युजरस्पेसमधून, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅमकडून, येते. मी सरळ के-मॅलॉकमध्ये, म्हणजे कर्नलमध्ये मेमरी मागायच्या फंक्शनमध्ये, ८ + संख्या × १६ लिहून टाकलं होतं. मग ३२ बिटच्या क्यूईएमयूमध्ये, म्हणजे लॅपटॉपमधल्या नकली मशीनवर, मुद्दाम २६८४३५४५७ हा आकडा दिला. गुणाकार होते ४२९४९६७३१२, ३२ बिटमध्ये मावत नाही, जुन्या मीटरसारखा फिरून १६ वर येते, म्हणजे हेडरचे ८ धरून मागितले फक्त २४ बाइट! कर्नलनं आनंदानं देऊन टाकले आणि माझा लूप तिथं सव्वीस कोटी रेकॉर्ड लिहाले निघाला, पिशवीत कट्टा रिकामा करावा तसा. मशीन जागीच मेलं.

तर आता स्ट्रक्ट_साइझ वापरला, हेडर अन् रेकॉर्ड मिळून किती बाइट ते काढणारा कर्नलचा तयार मॅक्रो. ओव्हरफ्लो झाला, म्हणजे आकडा मावला नाही, की तो फिरत नाही, सगळ्यात मोठ्या आकड्यावर, म्हणजे साइझ_मॅक्सवर, अडकून बसते, तेवढी मेमरी कोणाजवळच नसते म्हणून के-मॅलॉक नल (रिकामा पत्ता) देते आणि आपण मुकाट ईनोमेम, म्हणजे 'मेमरी नाही' हा एरर, परत करतो. कर्नल ४.१८ पासून, २०१८ पासून आहे हे, मीच उशिरा पोहोचलो. साधा अ‍ॅरे असला तर के-कॅलॉक नाहीतर के-मॅलॉक_अ‍ॅरे, ते गुणाकार स्वतःच तपासतात.

पण खरी गंमत पुढं. चेकसमसाठी शेवटी ८ बाइट पाहिजे होते, तर मी स्ट्रक्ट_साइझच्या बाहेर + ८ केलं, त्याले काय होते म्हणून. डीमेसगमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) साइझ छापून पाहिली तर ७! साइझ_मॅक्समध्ये ८ मिळवले की पुन्हा मीटर फिरलं, आणि ७ बाइट काय, कर्नल कधीही देते. सगळी सोय मीच एका प्लसनं पाण्यात घातली. आता साइझ_अ‍ॅड लावला, तो बेरजेतही तसाच अडकते, नल आलं, मशीन जिवंत.

अजून एक जागा उरली, तिथं दोन्ही आकडे यू३२ (३२ बिटचे) आहेत अन् गुणाकार साधाच आहे, म्हणजे ६४ बिटवरही गुणाकार ३२ मध्येच होऊन चुकते अन् मग रुंद होते. ते उद्या, आता मोटर बंद कराची आहे, पाणी बांधाबाहेर गेलं.