पाच सेंटिमीटरचं स्टूल

"सर, जूनमध्ये घेतलेली शाळेची पँट फेब्रुवारीतच घोट्याच्या वर गेली. आणि तुम्ही म्हणता, हा उंचीत मागेच राहील?"

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. गोव्यात म्हापशाजवळच्या आमच्या फुटबॉल अकादमीत पुढच्या मोसमाचा अंडर-१५ संघ ठरला होता. ज्यांना घेणार नव्हतो त्यांच्या घरच्यांना एकेक करून बोलावून तसं सांगणं चालू होतं. ही आई सत्तरीतून पहाटेची बस धरून आली होती. मुलगा शेजारी, मांडीवर बुटांची पिशवी घेऊन. मैदानावर आम्ही सगळे त्याला 'ल्हानगो' म्हणायचो. पंचेचाळीस किलोंच्या पोरांत पस्तीस किलोंचा, पण चेंडू पायाशी आला की मान आधीच वर, कुठे द्यायचा ते ठरलेलं.

मी अकादमीचा फिजिओ. दुखापती बघतो, आणि वर्षातून चार वेळा सगळ्या मुलांची मोजमापं घेतो. यादी कोच ठरवतात, पण तिच्यात एक रकाना माझा असतो. त्या रकान्यातल्या आकड्यावरूनच मी कोचना सांगितलं होतं की हा मुलगा उशिरा वाढणाऱ्यांतला नाही, उंचीत तो मागेच राहील. त्यामुळे आईचा प्रश्न कोचना उद्देशून असला तरी उत्तर माझ्याकडे होतं.

तो रकाना म्हणजे काय, ते सांगतो. आमच्याकडे फुटबॉलमध्ये वयोगट जन्मसालावर ठरतो, १ जानेवारी ही रेघ. ल्हानग्याचा जन्म २७ डिसेंबरचा. त्याच वर्षी जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, तरी गट एकच. वर प्रत्येकाचं शरीर आपापल्या घड्याळाने चालतं. मुलगे सर्वांत झपाट्याने वाढतात ते साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर. पण कुणाला ती उसळी बाराव्या वर्षी येते, कुणाला सोळाव्या. २०१७ मध्ये फातोर्ड्याला अंडर-१७ विश्वचषकाचे सामने झाले तेव्हा मी स्टँडमध्ये होतो. एकाच संघातला एक खेळाडू दाढीचे खुंट आलेला, आणि त्याच्याच बाजूला दुसरा अजून ओठावर मिसरूड न फुटलेला. कागदावर दोघांचं वय सारखंच.

मोठं शरीर आज सामना जिंकून देतं. म्हणून निवडीत जानेवारी-फेब्रुवारीची मुलं भरतात आणि डिसेंबरची गळतात. जगभर हे असंच होत आलंय. आंत्वान ग्रीझमनला फ्रान्समधल्या अकादम्यांनी लहान चणीमुळे नाकारलं, तो चौदाव्या वर्षी स्पेनला रेआल सोसिएदादकडे गेला, आणि २०१८ मध्ये फ्रान्सकडून विश्वचषक जिंकला. बेल्जियमने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय पातळीवर वेगळे संघच केले. इंग्लंडमधल्या क्लबांनी वय बाजूला ठेवून, प्रौढपणीच्या अंदाजित उंचीच्या ८५ ते ९० टक्के गाठलेल्या मुलांचे आपापसांत सामने लावून पाहिले. आमच्याकडे तेवढी मुलं नाहीत, मैदानंही नाहीत. म्हणून आम्ही सोपा मार्ग धरला होता. कॅनडातल्या संशोधकांनी २००२ मध्ये मांडलेलं एक सूत्र आहे. वय, उंची, वजन आणि बसकी उंची, म्हणजे बसल्यावर बैठकीपासून डोक्यापर्यंतची, घातली की मोठ्या उसळीला किती वर्षं बाकी आहेत ते मिळतं. दीड वर्षापेक्षा जास्त बाकी असेल तर मुलगा कितीही बारीक दिसो, त्याला आणखी एक वर्ष द्यायचं, असा आमचा नियम. ल्हानग्याचा आकडा आला होता १.१५.

आई पँटबद्दल बोलली आणि मी तिच्याकडे न बघता मुलाच्या पायांकडे बघितलं. खरंच, मोज्यांच्या वर वीतभर नडगी उघडी. लॅपटॉपवर त्याची जुनी पानं काढली. जानेवारीत उंची १४३, बसकी उंची ७३, म्हणजे पाय ७०. एप्रिलमध्ये उंची १४५, बसकी उंची ७९, पाय ६६.

तीन महिन्यांत पोराचे पाय चार सेंटिमीटरनी आखडले होते.

मला घाम फुटला. उसळीच्या आधी पाय लांब होतात, धड नंतर वाढतं. या वयात पँट आखूड होते ती त्यामुळेच. आई घरी जे बघत होती ते बरोबर होतं, आणि मी लिहिलेलं चूक. आमच्या नव्या शीटमध्ये फक्त शेवटचा आकडा समोर यायचा, मधली मापं मागच्या पानावर. मी ती उलटून पाहिली नव्हती.

"कोच, मला दहा मिनिटं द्या," म्हटलं आणि मोजमापाच्या खोलीत गेलो.

बसकी उंची घ्यायची ती अशी: मुलगा भिंतीला पाठ लावून स्टुलावर ताठ बसतो, डोक्यावरची पट्टी खाली आणायची, भिंतीवरचा आकडा वाचायचा, त्यातून स्टुलाची उंची वजा करायची. आमचं स्टूल ४० सेंटिमीटरचं. एप्रिलमधल्या मोजणीच्या दिवशी निम्मी मुलं झाल्यावर त्याचा एक पाय मोडला, वाळवीने आतून पोखरला होता. ग्राउंडवरच्या काकांनी कपडे बदलायच्या खोलीतलं दुसरं आणून दिलं. तसंच लाकडी, तसंच चौकोनी. मी मोजणी पुढे चालू ठेवली आणि दरवेळी ४० वजा करत गेलो. आता टेप लावला. ४५ भरलं.

मी तिथेच जमिनीवर बसून हिशेब केला. ७९ च्या जागी ७४, पाय ७१. आकडा आला १.७३. दीडच्या रेघेच्या या बाजूला.

परत जाऊन ते सगळं आईसमोरच सांगितलं. कोच म्हणाले होते की आधी आपसात बोलू, पण ती बाई दोन बस बदलून आली होती आणि तिला बाहेर बाकावर बसवून दार लावणं मला जमलं नसतं. मी म्हटलं, "ताई, चूक माझी आहे. स्टूल बदललं होतं आणि मी उंची तपासली नाही. तुमचा मुलगा वाढायचा बाकी आहे." तिने आधी मुलाकडे पाहिलं, मग मला विचारलं, "म्हणजे त्याला घेतलाय?" कोच काही क्षण गप्प होते. मग म्हणाले, "घेतलाय. वर्षभर बघूया." मुलाने पिशवीची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. एकदाही मान वर केली नाही.

ते दोघं गेल्यावर कोच माझ्यावर चिडले, आणि ते चिडायलाच हवे होते. पण त्यांनी विचारलेला प्रश्न मला त्या चुकीपेक्षा जास्त लागला. "समजा स्टूल बरोबर असतं आणि आकडा १.४५ आला असता, तर?"

तर आम्ही त्याला सोडला असता. पाच सेंटिमीटरच्या चुकीने त्याचा आकडा साधारण सात महिन्यांनी सरकला होता. आणि त्या सूत्राची स्वतःची चूकच साधारण तेवढी असते. मूळ निबंधातच ते दिलेलं आहे. टेप, भिंत, स्टूल सगळं चोख असलं तरी १.५ च्या आसपासचा आकडा सात महिने इकडे किंवा तिकडे असू शकतो. मी ते वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. आणि तरी मी दीड या आकड्याची सुरी केली होती. मूल कुठल्या टप्प्यावर आहे, त्याला आज किती धावायला लावायचं, गुडघ्याखालचं हाड दुखतंय म्हणतो तेव्हा विश्रांती किती द्यायची, यासाठी ते सूत्र फार कामाचं. कुणाला ठेवायचं आणि कुणाला घरी पाठवायचं हे त्याने ठरवायचं नसतं. २००९ पासून फिफा अंडर-१७ स्पर्धांत मनगटाचा एमआरआय काढतं, पण तो जास्त वयाचा खेळाडू खालच्या गटात घुसू नये म्हणून. कोण चांगला फुटबॉलपटू होईल हे त्या चित्रातही दिसत नाही.

त्या दुपारी जेवलो नाही. मोडलेलं स्टूल सुताराकडे पाठवलं आणि उंच स्टुलावर मोजलेल्या मुलांची यादी काढली. नऊ मुलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सगळ्यांना बोलावलं. दिवसभरात मणका दबून उंची कमी भरते, म्हणून मोजणी सकाळीच. नवांपैकी सात जणांच्या बाबतीत निर्णयात फरक पडत नव्हता. एक ल्हानगो. नववा आलाच नाही.

त्याच्या घरी आदल्या दिवशीच फोन गेला होता, की यंदा निवड नाही. मी त्याच्या बसक्या उंचीतून पाच वजा करून त्याचा आकडा काढला. तोही रेघेच्या या बाजूला येत होता. कोचना कळवून वडिलांना फोन केला. ते ट्रकवर होते, मागे इंजिनाचा आवाज. मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, "सर, त्याने बूट मावसभावाला देऊन टाकले काल. म्हणाला, आता काय करू ठेवून."

संध्याकाळी मी डिचोलीला घरी न जाता सरळ त्यांच्या गावी गेलो. कापणी झालेल्या मळ्यात पोरं खेळत होती, दगडांचे गोल करून. हा बांधावर बसला होता, खेळत नव्हता. मी शेजारी जाऊन बसलो आणि त्याला स्टुलाची गोष्ट सांगितली, मोठ्या माणसाला सांगावी तशी. तो मधेच म्हणाला, "म्हणजे मी वाईट खेळलो म्हणून नाही?"

"नाही," म्हटलं. "तुझ्या खेळाकडे आम्ही नीट पाहिलंच नाही."

तो येईल की नाही, ते काही बोलला नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही समोरचा खेळ बघत बसलो. कुणाचा पास चुकला की तो हळूच जीभ चावायचा.

सोमवारी साडेसहाला मी खोली उघडली. दुरुस्त केलेलं स्टूल भिंतीला लावलं, टेपने दोनदा मोजलं, त्याच्या बाजूवर काळ्या रंगाने ४० लिहिलं. सात वाजता तो दारात उभा होता, शाळेच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत.