माहुलीचे रामशास्त्री आणि न मिटलेला खून

साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर गेले की मला हटकून शनिवारवाडा आठवतो, कारण पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच गावचे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी, म्हणजे भाडोत्री शिपायांनी, नारायणराव पेशव्यांचा वाड्यातच खून केला आणि चौकशीअंती रामशास्त्र्यांनी नारायणरावांचे काका राघोबादादांना दोषी ठरवले. निवाडा झाला, तरी गूढ उरलेच. राघोबादादांनी गारद्यांना दिलेल्या पत्रातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी केले की आणखी कोणी, किंवा मुळात तसा बदल झाला तरी होता का, यावर आजही तावातावाने वाद होतात. आणि पौर्णिमेच्या रात्री वाड्यात ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, असे सांगणारेही भेटतात. त्या हाकेवर माझा विश्वास नाही, पण लोकांनी ती जपली याचे मला नवल वाटत नाही, कारण कटाच्या तपशिलात हरवून जाणारी अठरा वर्षांच्या मुलाची जिवाच्या आकांताची धावपळ तिच्यातच शिल्लक राहिली आहे. भयकथेचे सामर्थ्यही मला इथेच दिसते. स्मशाने आणि रक्तपात यांनी भरलेल्या कथा मी लवकर विसरतो. ज्याच्या कुशीत धाव घ्यावी तोच मारेकऱ्यांच्या बाजूचा निघतो, ती कथा मात्र मी पुन्हा पुन्हा वाचतो.