टॅलाफोर्नियाची रहिवासी

'टॅलाफोर्निया' या आयरिश टीव्ही कार्यक्रमातल्यासारखे आम्ही राहायचो का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही, आम्ही तसे राहत नव्हतो.

हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. डब्लिनमध्ये कुठे राहतेस असं कुणी विचारलं आणि मी 'टॅला' म्हटलं, की समोरचा माणूस माझ्या वयाचा असेल तर हमखास हसतो. "ओहो, टॅलाफोर्निया!" (2017 मध्ये लिओ वराडकर, ज्यांचे वडील मालवणजवळच्या वराडचे, इथले पंतप्रधान झाले तेव्हा काही महिने तरी वेगळा प्रश्न मिळाला, तुझं गाव मालवणजवळच का? मी सांगलीची.) आणि तिकडे माझ्या मावसबहिणीनं मोबाइलवर त्या कार्यक्रमाचे तुकडे शोधून काढलेत, त्यामुळे ती अधूनमधून फोनवर आवाज खाली आणून विचारते, "ताई, खरं सांग, तुम्ही पण असंच राहायचात का गं?" पलीकडे मावशी कान लावून बसलेली असतेच.

तर 'टॅलाफोर्निया' हा टीव्ही थ्री या आयरिश वाहिनीवर 2011 च्या डिसेंबरात सुरू झालेला कार्यक्रम. ऐन विशीतली मुलंमुली एका घरात राहतात, मागे कॅमेरे. जिम, फेक टॅन (म्हणजे कातडी उन्हात रापल्यासारखी दिसावी म्हणून अंगाला लावायचा रंग), रात्री क्लब, आणि दुसऱ्या दिवशी किचनमध्ये कोण कुणाशी बोलत नाही याची चौकशी. अमेरिकेत 'जर्सी शोअर' आणि न्यूकॅसलमध्ये 'जॉर्डी शोअर' गाजत होतं, त्याच घाण्यातलं हे तेल. आपल्या 'बिग बॉस'मध्ये दाराला कुलूप असतं. इथे दार उघडं, बाहेर जाऊन हवा तो गोंधळ घाला, फक्त भांडायला घरी या. तिसऱ्या पर्वात तर बिऱ्हाड स्पेनच्या माजोर्का बेटावर सांता पोन्साला हलवलं. टॅला गेलं, फोर्निया तेवढं उरलं. 2013 मध्ये सगळंच आटोपलं.

वाईट कार्यक्रम होता. मी तीन भाग पाहिलेत, चौथा लावायची हिंमत झाली नाही.

पण लोक हसतात ते त्या मुलांना नाही, टॅलाला. नावातला विनोदच तो आहे, की कुठे कॅलिफोर्निया आणि कुठे ही जागा! डब्लिनच्या नैर्ऋत्येला, डोंगराच्या पायथ्याशी, ऐंशी हजारांवर वस्ती. इंग्रजी स्पेलिंग असं की पहिल्या दिवशी मी बसवाल्याला 'टल्लाघ्ट' म्हणाले आणि त्यानं मला दोनदा पुन्हा म्हणायला लावलं. जुन्या आयरिश भाषेत या नावाचा अर्थ साथीत मेलेल्यांचं दफनस्थान. आठव्या शतकात इथे सेंट मेलरुअनचा मठ होता. नंतर बराच काळ हे खेडंच. 1970 च्या दशकात शहरातली कुटुंबं इथे आणून वसवली. घरं आधी आली आणि बाकी सगळं मागाहून, आपल्याकडच्या सिडकोच्या सुरुवातीच्या दिवसांसारखं. 'द स्क्वेअर' हे मोठं बाजारसंकुल 1990 ला झालं, हॉस्पिटल 1998 ला, लुअस ट्राम 2004 ला. आमच्या शेजारच्या आजी त्या सत्तरच्या दशकापासूनच्या. लेकरांना घेऊन चिखलातून बसस्टॉपपर्यंत चालत जायच्या. त्यांच्यासमोर टॅलाफोर्निया शब्द काढायची सोय नाही. "त्यातली सगळी कुठे इथली होती!" एवढं बोलून त्या कपडे वाळत घालायला वळतात.

त्यांचा राग मला पटतो. 2010 च्या अखेरीस आयर्लंडला 85 अब्ज युरोंचं कर्जपॅकेज घ्यावं लागलं होतं, त्यानंतर बेकारी पंधरा टक्क्यांच्या आसपास गेली, आणि दर घरातून कुणी ना कुणी ऑस्ट्रेलिया नाहीतर कॅनडाला निघालेलं. अशा वेळी टीव्हीवर गावाचं नाव आलं ते ह्यासाठी.

आता आमचं घर. 2016 मध्ये शिकायला आले तेव्हा आम्ही पाचजण होतो: मी, केरळच्या दोन नर्स, एक ब्राझिलियन मुलगा आणि पश्चिम आयर्लंडातल्या मेयोकडची एक मुलगी. फ्रीजचा एकेक कप्पा एकेकाचा, पाचव्याला दारातली बाटल्यांची जागा. भांडणं व्हायची ती इमर्शनवरून. इमर्शन म्हणजे पाण्याच्या टाकीतला विजेचा हीटर. त्याच्या बटणावर 'सिंक' आणि 'बाथ' अशा दोन खुणा असतात, आणि ते रात्री कुणी चालू ठेवलं याचा तपास इथे खुनाच्या तपासासारखा चालतो. मेयोवाली सकाळी सगळ्यांना ओळीनं विचारायची. प्रेमप्रकरणासाठी कुणाकडे वेळ नव्हता. नर्सची रात्रपाळी संपायची तेव्हा माझी बस निघायची.

फेक टॅन मात्र खरं. शुक्रवारी संध्याकाळी ती मुलगी तपकिरी फेस हातमोज्यानं अंगभर चोळायची आणि घरभर बिस्किटांचा वास सुटायचा. मग तासभर हात पसरून उभी, कशाला टेकायचं नाही. मला एकदा हेव्यानं म्हणाली, "तुला फुकटात मिळालंय." माझ्या आजीनं दहावीपर्यंत दर रविवारी मला डाळीचं पीठ आणि हळद लावली, हे तिला कसं समजावणार!

अशाच एका शुक्रवारी मी वरणाला फोडणी दिली. मोहरी तडतडली, मिरची करपली आणि स्मोक अलार्म किंचाळायला लागला. सगळे घाईनं मागच्या अंगणात. बाहेर बारीक पाऊस. मेयोवाली दोन्ही हात पसरून, न वाळलेल्या टॅनसकट, बुजगावण्यासारखी उभी, आणि तिच्या पोटऱ्यांवरून चहाच्या रंगाचे ओघळ. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात ती म्हणाली, "वास काय सुंदर येतोय, काय केलंयस?" रात्री तिनं दोन वाट्या वरण भात न घेता, सूप म्हणून प्यायलं.

हे कॅमेऱ्यानं टिपलं असतं तर मी चौथा भागही पाहिला असता.

बहिणीला मी हल्ली वेगळंच सांगते. त्या कार्यक्रमात आज सगळ्यांत अविश्वसनीय वाटतं ते क्लबमधलं वागणं नाही, ते घर. विशीतल्या मुलांना टॅलात अख्खं घर! डब्लिनमध्ये नव्या भाडेकरूचं सरासरी भाडं महिना दोन हजार युरोंच्या वर गेलंय. शेजारच्या आजींचा नातू एकतीस वर्षांचा आहे, चांगली नोकरी आहे, आणि तो त्यांच्याच बॉक्सरूममध्ये झोपतो, जिथे पलंग मावला की दार अर्धंच उघडतं. मावशी हे ऐकून म्हणाली, "मग बरंच की, आजीजवळ आहे." नातवाचं मत मी विचारलेलं नाही.

मेयोवाली दोन वर्षांनी सिडनीला गेली. त्या शुक्रवारनंतर मी फोडणीला उभी राहिले की ती न सांगता खुर्चीवर चढून अलार्मला आपली शॉवरकॅप घालायची आणि जेवण झालं की काढायची. (तुम्ही करू नका.) जाताना तिनं टॅनचे डाग पडलेली चादर फेकून दिली, टोस्टर मला दिला. शॉवरकॅप माझ्या मसाल्याच्या कप्प्यात, हिंगाच्या डबीखाली घडी करून ठेवलेली सापडली.