वारा पडला, समुद्र अजून नाही

गुरुवार, सकाळ

सहाच्या नोंदीत हवेचा दाब ९९६ हेक्टोपास्कल आहे. काल संध्याकाळी सहाला तो १००९ होता. तासाला एक हेक्टोपास्कल याप्रमाणे दाब सलग उतरू लागला की वादळी वारा येणार असे धरून चालावे, हा शीडबोटीवरचा जुना ठोकताळा आहे. काल दुपारी पुढचा टप्पा रद्द करून आम्ही या खाडीत नांगर टाकला, तेव्हा हवामानाच्या अंदाजाइतकीच त्या उतरत्या आकड्यांवरही आमची भिस्त होती. आता डोलकाठीवरचे यंत्र वाऱ्याचा वेग ३५ ते ४० नॉट, म्हणजे ताशी तितके सागरी मैल, दाखवते आहे. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्टच्या मोजपट्टीवर तो ८ होतो. फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये ही मोजपट्टी वापरायला सुरुवात केली, तेव्हा तिच्यात वेगाचे आकडे नव्हतेच. त्या वाऱ्यात जहाज किती शिडे पेलू शकते, यावरून अंक ठरत असत. मला ती पद्धत अधिक प्रामाणिक वाटते, कारण बोटीवरच्या माणसाला शेवटी हवे असते ते एवढेच, की आपल्याच्याने काय निभेल.

आज आमच्याच्याने निभण्यासारखे एकच काम आहे, आणि ते म्हणजे नांगर धरून राहणे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे २० नॉटांत निर्धास्त धरलेला नांगर ४० नॉटांतही धरेलच असे नाही. काल साखळी सोडण्यापूर्वी आम्ही रीतसर हिशेब मांडला. पाणी ५ मीटर, भरतीला आणखी ३ मीटर चढणार, आणि बोटीचे नाक पाण्यापासून १ मीटर उंच. एकूण ९ मीटर. त्याच्या सातपट म्हणजे ६३ मीटर साखळी. भरतीचे ३ मीटर धरायचे राहिले असते तर ४२ मीटरवर समाधान मानले गेले असते, आणि रात्री पाणी चढल्यावर साखळीचा कोन ताठ होऊन नांगर तळातून उपटून निघण्याची भीती होती. साखळी लांब असली तरच तिची ओढ तळाशी आडवी राहते, आणि आडव्या ओढीनेच नांगर आणखी खोल रुततो.

साखळीचा हिसका थेट बोटीला बसू नये म्हणून मध्ये नायलॉनचा जाड दोर जोडलेला असतो, आणि वादळात खरी काळजी असते ती या दोराची. तो बोटीच्या काठावरून खाली उतरतो त्या जागी आम्ही रबरी नळीचा तुकडा बसवला होता. पहाटे चारला कमरेचा पट्टा अडकवून मी पुढे सरपटत गेले तेव्हा ती नळी हातभर खाली घसरली होती, आणि उघड्या पडलेल्या दोराच्या बाहेरच्या पिळाचे तंतू लोकरीसारखे फुलले होते. पीळ अजून तुटलेला नव्हता. थोडा दोर पुढे सोडला, म्हणजे घासलेला भाग काठाबाहेर गेला आणि कोरा भाग काठावर आला, आणि नळी या वेळी दोन्ही टोकांना बांधून टाकली. एवढ्या कामाला अर्धा तास लागला.

शुक्रवार

रात्रभर आळीपाळीने पहारा होता. बोट नांगराभोवती झोके घेते, त्यामुळे जीपीएसच्या पडद्यावर तिच्या मार्गाची एक कमान उमटत जाते. कमान कितीही गिरवली गेली तरी हरकत नाही. ती एकदा का मागे सरकू लागली, तर नांगर घसरतो आहे असे समजायचे. ती सरकली नाही. आतले अंथरूण, कपडे, नकाशे सगळे ओलसर झाले आहे, आणि त्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

पहाटे जोराची सर आली, दाब एकदम चढू लागला आणि वारा नैर्ऋत्येकडून वायव्येला फिरला. उत्तर गोलार्धात थंड हवेची आघाडी पुढे गेली की वारा असाच फिरतो. आम्ही ही खाडी निवडली ती याच कारणाने, की दोन्ही दिशांना तिला डोंगराचा आडोसा आहे. पलीकडची खाडी काल अधिक शांत होती, पण आज तिचे तोंड थेट वाऱ्यात असेल. दाब चढू लागला म्हणजे संकट टळले असे मात्र नव्हे. तो फार वेगाने चढला तर वारा उलट आणखी जोर धरतो, आणि आज दुपारपर्यंत नेमके तेच झाले.

शनिवार

ऊन पडले आहे. वारा १२ नॉटांवर आला आहे, आणि थांबण्याचा सगळ्यांत अवघड दिवस मला आजचा वाटतो. वादळ घोंघावत असताना थांबायला शहाणपण लागत नाही, कारण दुसरा पर्यायच नसतो. निळ्या आकाशाखाली थांबण्याचे कारण मात्र प्रत्येकाला नव्याने पटवून द्यावे लागते. वारा तासाभरात पडतो. त्याने उठवलेल्या लाटा त्यानंतरही बराच काळ चालत राहतात. अंदाजात बाहेरच्या लाटांची उंची ३ मीटर दिली आहे, पण तो आकडा सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांच्या सरासरीचा असतो. एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पटही येऊ शकते. शिवाय खाडीच्या तोंडाशी ओहोटीचे पाणी बाहेर पडते आणि समोरून येणाऱ्या लाटांना भिडते, तेव्हा त्या आखूड आणि उभ्या होऊन फुटतात. दुपारी टेकडीवर चढून आम्ही ते पाहिले. तोंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा पट्टा होता.

थांबण्याचा राग ही नवी गोष्ट नाही. १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्याजवळ वादळात फुटले आणि चारशेहून अधिक माणसे गेली, त्यानंतर ब्रिटनच्या हवामान खात्याचे प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १८६१ पासून ब्रिटनच्या बंदरांना वादळाचे इशारे पाठवायला सुरुवात केली. त्या इशाऱ्यांमुळे मासेमारीचे दिवस बुडतात अशी ओरड बोटींच्या मालकांनी केली. फिट्झरॉय यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये इशारे बंदही झाले, तेव्हा ते पुन्हा सुरू करा अशी मागणी झाली आणि पुढच्याच वर्षी ते सुरू झाले.

आमच्यातल्या एकाला सोमवारी कामावर हजर व्हायचे आहे. तो सकाळपासून अंदाज पुन्हा पुन्हा उघडून पाहतो आहे, आणि प्रत्येक वेळी त्याला तो थोडा बरा दिसतो. जेवताना यावर बरीच बोलाचाली झाली. शेवटी असे ठरले, की उद्या सकाळी त्याला छोट्या होडीतून किनाऱ्यावर सोडायचे, आणि त्याने पुढे रस्त्याने जायचे. आम्ही दोघे सोमवारी पहाटे पुन्हा टेकडीवर चढू. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत नसतील तर भरती पुरी होता होता, ओहोटी लागण्याआधी, नांगर उचलू. फुटत असतील तर मंगळवारी पाहू.