एम प्रोटीन निघालं, मग पुढच्या तपासण्या: माझा अनुभव

मला त्रास असा काहीच नव्हता, नेहमीच्या चेकअपमध्ये टोटल प्रोटीन जास्त आलं, त्यातलं ग्लोब्युलिन (ज्यात अँटीबॉडी येतात) अल्ब्युमिनच्या वर गेलेलं आणि ईएसआर, म्हणजे सूज-इन्फेक्शनमध्ये वाढणारी रक्ताची तपासणी, तीही बरीच वाढलेली. ईएसआर वाढला की इन्फेक्शन असेल म्हणून सोडून देणारेही असतात, पण आमच्या फॅमिली डॉक्टरांनी लगेच सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रोटीनं वेगळी करून ग्राफवर दाखवणारी तपासणी, करायला सांगितलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

त्या ग्राफमध्ये गॅमाच्या भागात, म्हणजे जिथे अँटीबॉडी दिसतात तिथे, एक टोकदार सुळका होता. इन्फेक्शनमध्ये तो भाग पसरट फुगतो कारण वेगवेगळ्या प्लाझ्मा सेल वेगवेगळ्या अँटीबॉडी बनवत असतात, पण एकाच सेलची पिलावळ वाढली की सगळ्या एकच अँटीबॉडी ओततात आणि सुळका येतो. तेच एम प्रोटीन. माझं १.८ ग्रॅम प्रति डेसीलीटर, आणि अँटीबॉडीचा प्रकार ओळखणाऱ्या इम्युनोफिक्सेशन तपासणीत तो प्रकार आयजीजी कप्पा निघाला.

आता इथे बरेच जण नेटवर मायलोमा, म्हणजे प्लाझ्मा सेलचा कॅन्सर, शोधून घाबरतात. पण नुसत्या या आकड्यावर निदान होत नाही हो! ३ च्या खाली एम प्रोटीन, बोन मॅरोमध्ये (हाडाच्या आतल्या मगजात) प्लाझ्मा सेल १० टक्क्यांच्या खाली आणि अवयवांना इजा नाही, असं असेल तर ते एमगस (MGUS), म्हणजे मायलोमाच्या आधीची अवस्था, आणि त्यातल्या साधारण १ टक्का लोकांनाच दरवर्षी पुढचा आजार होतो. म्हणून हिमॅटॉलॉजिस्टनी, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांनी, आधी कॅल्शियम, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन बघितलं. तिन्ही ठीक. मग फ्री लाइट चेन (अँटीबॉडीचे रक्तात सुटे फिरणारे छोटे भाग) आणि २४ तासांची लघवी. साध्या तपासणीत लघवीत प्रोटीन नाही आलं होतं तरी कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले साध्या तपासणीत लघवीत बुडवतात ती पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन पकडते, लाइट चेन तिच्यातून निसटू शकतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण किडनीला त्रास त्याच देतात.

बोन मॅरोची भीती होतीच. पालथं झोपवून कंबरेच्या मागच्या हाडाची जागा सुन्न करतात, सुई आत जाताना फक्त दाब जाणवतो, पण मॅरो ओढून घेतात तेव्हा पायापर्यंत जोरात कळ जाते, ती काही सेकंदांची असते पण ती येणार हे आधी सांगितलेलं बरं. नंतर हाडाचा छोटा तुकडाही घेतात. ओढलेल्या मॅरोच्या सॅम्पलवर फिश टेस्ट होते, क्रोमोसोममधले बदल बघायला.

रिपोर्टमध्ये प्लाझ्मा सेल १४ टक्के. म्हणजे प्रोटीनचा आकडा एमगसमध्ये बसत होता पण मॅरोमुळे मी स्मोल्डरिंग मायलोमात, म्हणजे अजून अवयवांना इजा न केलेल्या धुमसत्या अवस्थेत, गेले. पेट सीटीत हाडांना कुठेही भोक नव्हतं, एमआरआयही स्वच्छ, त्यामुळे औषध सुरू केलं नाही. कॅन्सरचं नाव लागूनही औषध नाही हे घरच्यांना पटवणं मला तपासणीपेक्षा जड गेलं. २०१४ च्या निकषांनुसार मॅरोत ६० टक्के किंवा त्याहून जास्त प्लाझ्मा सेल, लाइट चेनचा रेशो (वाढलेल्या प्रकारचं दुसऱ्या प्रकाराशी प्रमाण) १०० किंवा त्याहून जास्त किंवा एमआरआयमध्ये एकापेक्षा जास्त डाग असते तर त्रास नसतानाही उपचार लागले असते. माझा रेशो ९.

आता दर तीन महिन्यांनी रक्त तपासते, शक्यतो एकाच लॅबमध्ये, कारण लॅब बदलली की आकड्यांची तुलना नीट होत नाही. पाठ दुखली तरी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घेत नाही, किडनी जपायची असते, आणि दुखणं टिकलं तर थेट डॉक्टरांना फोन करते.